एकाच तारखेला घडलेला इतिहास: योगायोग कुठला आणि ठरवून साधलेला दिवस कुठला?

वाटसरू (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडतोय. दिनविशेषाच्या सदरात एका तारखेखाली पाच-सात घटना ओळीने दिलेल्या असतात. सन वेगळे, देश वेगळे, तारीख तेवढी एक. आपण वाचतो, "अरेच्चा!" म्हणतो आणि पान उलटतो. पण त्यातल्या काही घटनांचं एकमेकींशी खरोखर नातं असतं, काहींचं काडीचंही नसतं, आणि दोन्ही प्रकार एकाच यादीत सरमिसळ होऊन पडलेले असतात. ती सरमिसळ निवडावी, यासाठी हा धागा.

सुरुवात माझ्या मते सगळ्यात जबरदस्त तारखेपासून करतो. ९ नोव्हेंबर, जर्मनी.

१८४८ साली याच दिवशी लोकशाहीवादी नेते रॉबर्ट ब्लुम यांना ऑस्ट्रियाच्या सैन्याने व्हिएन्नात गोळ्या घातल्या. ते फ्रँकफर्टच्या संसदेचे सदस्य होते. १९१८ साली याच दिवशी जर्मन सम्राट कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली आणि फिलिप शायडेमान यांनी बर्लिनमध्ये संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं. दोनेक तासांत कार्ल लीबक्नेख्ट यांनी राजवाड्यातून दुसरं, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव पोलिसांच्या गोळीबाराने मोडला. १६ उठाववाले आणि ४ पोलीस मेले. १९३८ साली ज्यूंची दुकानं, घरं, प्रार्थनास्थळं देशभर फोडली-जाळली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकण्यात आलं. आणि १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली.

आता यांचे धागे उलगडू. १९१८च्या क्रांतिकारकांना नाझी 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणत. १९२३चा उठाव त्या क्रांतीला पाच वर्षं होत असतानाच झाला, म्हणजे रोख कुणावर होता हे उघड आहे. १९३८चं तर स्पष्टच आहे. उठावात मेलेल्यांच्या स्मरणासाठी नाझी पुढारी दर वर्षी या दिवशी म्युनिकला जमत. पॅरिसमध्ये ७ तारखेला गोळी लागलेला जर्मन राजदूतावासातला अधिकारी फॉम राट ९ तारखेला दगावला. ती बातमी संध्याकाळी पोहोचली तेव्हा सगळे पुढारी एकाच सभागृहात बसलेले होते. गोबेल्सने तिथेच भडकावणारं भाषण केलं आणि तिथूनच गावोगावी फोन गेले. म्हणजे १९१८, १९२३, १९३८ ही एकच साखळी आहे. १९२३ची वर्षश्राद्धं नसती तर १९३८ची ती रात्र त्याच तारखेला, त्याच झपाट्याने घडली असती का, याची मला शंका आहे.

पण १९८९? पूर्व जर्मनीच्या सरकारला प्रवासाचे नवे नियम १० तारखेला जाहीर करायचे होते. आदल्या संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांच्या हातात ऐनवेळी कागद आला. "हे कधीपासून लागू?" असं एका पत्रकाराने विचारलं. त्यांनी कागद चाळले आणि माझ्या माहितीप्रमाणे तत्काळ, विनाविलंब, असं सांगून टाकलं. टीव्हीवर ते ऐकून लोक नाक्यांवर लोटले. बर्लिनमधल्या बोर्नहोल्मर स्ट्रासच्या नाक्यावर हाराल्ड येगर हा अधिकारी वरिष्ठांना फोनमागून फोन करत होता आणि स्पष्ट आदेश काही मिळत नव्हता. शेवटी साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर नाका उघडला. अर्धा तास आणखी निघाला असता तर ही घटना आज १० नोव्हेंबरच्या यादीत असती.

हा तो शुद्ध योगायोग. आणि त्याचाच परिणाम असा, की एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस निवडताना जर्मनीने ९ नोव्हेंबर टाळला आणि ३ ऑक्टोबर घेतला. भिंत पडल्याचा जल्लोष आणि १९३८चा शोक एकाच दिवशी कसा करणार?

तुम्हाला माहीत असलेल्या तारखा द्या, पण सोबत एवढं लिहा, की दुवा आहे की नाही, आणि असेल तर तो कुणी जोडला.

निशिगंध

उत्तम धागा! माझी भर ४ जुलैची. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ला संमत झाला. बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै १८२६ला, तो लिहिणारे थॉमस जेफरसन दुपारी मोंटिसेलोत वारले आणि त्यासाठी सर्वात जास्त भांडलेले जॉन ॲडम्स त्याच संध्याकाळी क्विन्सीत वारले. जेफरसन ८३ वर्षांचे, ॲडम्स ९०चे. जेफरसन आपल्याआधी गेल्याची बातमी ॲडम्सना शेवटपर्यंत कळली नव्हती. पुढे १८३१ साली जेम्स मन्रोही ४ जुलैलाच गेले. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघे! लोकांना तेव्हा हा ईश्वरी संकेत वाटला यात नवल ते काय.

आणि गंमत म्हणजे स्वातंत्र्याचा ठराव प्रत्यक्षात २ जुलैला मंजूर झाला होता. ॲडम्सनी ३ तारखेला पत्नीला पत्र लिहून कळवलं होतं, की पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस थाटामाटात साजरा करतील. जाहीरनाम्यावर बहुतेकांच्या सह्या तर २ ऑगस्टला झाल्या. म्हणजे कुठला दिवस 'तो' दिवस, हेही नंतर ठरलं.

शून्यलब्धी

चर्चा आवडली. थोडं गणित मांडतो, कारण इथे आपली अंतःप्रेरणा हमखास फसते.

खोलीत २३ माणसं असतील तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५०.७ टक्के असते. हिशेब सोपा आहे. दुसऱ्या माणसाची तारीख पहिल्याहून वेगळी असण्याची शक्यता ३६४/३६५. तिसऱ्याची दोघांहून वेगळी असण्याची ३६३/३६५. असं करत २३व्या माणसापर्यंत गुणाकार करत गेलात की ०.४९३ उरतात. उरलेली शक्यता जुळण्याची. डोकं चक्रावतं, कारण आपण मनात "माझ्याशी कोण जुळतो" असा विचार करतो. तिथे २२च जोड्या असतात. पण कुणाचीही कुणाशीही जोडी चालणार असेल तर २३ माणसांत २५३ जोड्या पडतात.

अमेरिकी अध्यक्षच घ्या. पोक आणि हार्डिंग, दोघांचा जन्म २ नोव्हेंबरचा. फिलमोर आणि टॅफ्ट, दोघांचा मृत्यू ८ मार्चचा. ट्रुमन आणि फोर्ड, दोघांचा मृत्यू २६ डिसेंबरचा. या जोड्यांवर कुणी लेख लिहीत नाही. चाळीसेक माणसांत निदान एक जोडी जुळण्याची शक्यता ८९ टक्के आहे. जोडी जुळली नसती तरच आश्चर्य वाटायला हवं होतं.

इतिहासाचं तर विचारूच नका. नोंदलेल्या घटना लाखो, तारखा फक्त ३६६. कोणतीही तारीख उचला, तिच्यावर एक लढाई, एक तह, एक शोध आणि दोन थोरांचे मृत्यू मिळणारच. त्यामुळे "एकाच तारखेला घडलं" ही नुसती बातमी माझ्या लेखी शून्य किमतीची. वाटसरूंनी विचारलाय तो प्रश्न मात्र लाखमोलाचा: दुवा कुणी जोडला?

निशिगंध

शून्यलब्धी, जोड्यांचं पटलं. पण ॲडम्स-जेफरसनच्या बाबतीत तारीख चिठ्ठी टाकून निघालेली नव्हती. ३ जुलैच्या रात्री जेफरसन ग्लानीतून जागे होऊन जवळच्यांना विचारत होते, की चार तारीख लागली का? याच्या नोंदी तिथे हजर असलेल्यांनी करून ठेवल्यात. मरणाला टेकलेल्या माणसाला जो दिवस गाठायचा होता, तो त्याने गाठला. याला तुम्ही २३ माणसांच्या खोलीत कसं बसवणार?

शून्यलब्धी

इच्छेने मरण काही तासांनी पुढे ढकलता येतं असं गृहीत धरलं तरी ते एकट्या जेफरसनना लागू पडतं. दोघांनी एकाच दिवशी जाणं त्यातून आपोआप येत नाही. पण तुमचा मुद्दा मान्य, की इथे तारखेला त्या माणसांच्या मनात आधीच वजन होतं. पोक आणि हार्डिंग यांच्या २ नोव्हेंबरला तसं काही नव्हतं.

चौकस

चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांची नोंद इथे हवीच. ते १८३६ साली जूनअखेर अंथरुणाला खिळले होते. ४ जुलैपर्यंत टिकून राहण्यासाठी औषधं द्यायची तयारी वैद्यांनी दाखवली होती आणि त्यांनी ती नाकारली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ते २८ जूनला गेले. म्हणजे तारीख गाठण्याची कल्पना त्या काळी हवेत होती हे नक्की.

मीनाक्षी_वाचते

वाचतेय. मॅडिसनचं अजिबात माहीत नव्हतं.

कालगणक

एक महत्त्वाचा प्रकार अजून कुणी मांडला नाही. तारीख एक, पण दिवस एक नाही!

शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस, दोघेही २३ एप्रिल १६१६ला वारले असं सगळीकडे छापलं जातं. युनेस्कोने २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला त्यामागेही हीच जोडी आहे. पण स्पेनने ग्रेगोरियन, म्हणजे आपण आज वापरतो ते, कॅलेंडर १५८२मध्येच घेतलं होतं आणि इंग्लंड १७५२पर्यंत जुन्या ज्युलियनवर चाललं. १६१६ साली दोघांत १० दिवसांचं अंतर होतं. स्पेनच्या कॅलेंडरने शेक्सपिअर ३ मेला वारले. त्यात सर्व्हान्टिस २२ला वारले आणि २३ला त्यांचं दफन झालं, असं आता मानलं जातं. तारीख जुळली ती फक्त कागदावर.

उलट बाजूने न्यूटन. "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला" हे वाक्य शाळेपासून आपण ऐकलंय. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, ग्रेगोरियन. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, ज्युलियन. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ला येतो आणि वर्षच बदलतं. याउलट स्टीफन हॉकिंग यांची जोडी पक्की आहे. ८ जानेवारी १९४२ला जन्म, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी, दोन्ही तारखा ग्रेगोरियन. आणि मृत्यू १४ मार्च २०१८, आइनस्टाइनच्या जन्मतारखेला. दुवा अर्थातच काही नाही, पण जुळणी खरी आहे.

रशियाची ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला साजरी होई, ती यामुळेच. ज्युलियन २५ ऑक्टोबर म्हणजे ग्रेगोरियन ७ नोव्हेंबर. तिथे १९१८ साली ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. आणि सगळ्यात विलक्षण उदाहरण अविलाच्या संत तेरेसा यांचं. त्या स्पेनमध्ये ४ ऑक्टोबर १५८२च्या रात्री वारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख होती १५ ऑक्टोबर! त्यांचा स्मृतिदिन १५लाच पाळतात.

आता आपल्या जवळचं. "६ जून: शिवराज्याभिषेक १६७४ आणि नॉर्मंडीवर दोस्तसैन्य उतरलं १९४४" अशी जोडी दर वर्षी फिरते. १६७४ची ६ जून ही तारीख ज्युलियन आहे, इंग्रजांच्या नोंदींतली. नॉर्मंडीची ग्रेगोरियन. आजच्या मोजपट्टीने राज्याभिषेक १६ जूनला येतो.

मीनाक्षी_वाचते

कालगणक, ६ जून ज्युलियनच आहे हे खात्रीने कसं सांगता येतं? इंग्रजांनी लिहिली म्हणून ज्युलियन, हे थोडं ऐकीव वाटतं. स्वतंत्र पुरावा आहे का?

कालगणक

आहे, आणि तो आकाशात आहे. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. त्रयोदशी म्हणजे अमावास्येनंतर बारा दिवस उलटून तेरावा भाग चालू. चंद्र पौर्णिमेच्या अगदी जवळ आलेला. तर मग त्या दिवशी चंद्र कुठे होता ते मोजू.

एक पक्की अमावास्या घेऊ: ६ जानेवारी २०००. तिथून मागे ग्रेगोरियन १६ जून १६७४पर्यंत ११८९०७ दिवस होतात. चांद्रमास सरासरी २९.५३०५९ दिवसांचा. भागाकार केला की ४०२६ पूर्ण चांद्रमास बसतात आणि वर सुमारे साडेसतरा दिवस उरतात (सकाळची वेळ धरून). म्हणजे १६ जून हा एका अमावास्येच्या साडेसतरा दिवस आधीचा दिवस. २९.५मधून १७.५ गेले, उरले १२. मागची अमावास्या होऊन १२ दिवस झालेले, तेरावी तिथी चालू. त्रयोदशी!

हाच हिशेब ग्रेगोरियन ६ जून १६७४साठी करा. चंद्र जेमतेम दोन दिवसांचा निघतो, शुद्ध द्वितीयेच्या आसपास. तिथी मुळीच जुळत नाही. म्हणजे इंग्रजांची ६ जून ज्युलियनच, आणि तिथीची नोंद व इंग्रजांची नोंद एकमेकींना घट्ट आधार देतात. जिथे चांद्र तिथी आणि सौर तारीख दोन्ही मिळतात तिथे ही कसोटी कुणालाही लावता येते. कागद, पेन्सिल आणि भागाकार पुरे.

शून्यलब्धी

हा प्रतिसाद साठवून ठेवतोय. आत्ताच स्वतः करून पाहिलं, बरोबर येतं.

मीनाक्षी_वाचते

दंडवत!

दर्यावर्दी

२८ जून अजून कुणीच कसा नाही घेतला? मॅडिसनचा उल्लेख येऊन गेला म्हणून लगेच लिहितो, पण माझा रोख बाल्कनकडे, आग्नेय युरोपाकडे आहे. वाटसरूंच्या ९ नोव्हेंबरला तोडीस तोड अशी ही एकच तारीख मला दिसते.

सर्बियन परंपरेत हा विदोवदान, संत व्हिटसचा दिवस. १३८९ साली या दिवशी कोसोवोच्या मैदानावर ऑटोमन सैन्याशी लढाई झाली. सर्ब राजा लाझार आणि सुलतान मुराद, दोघेही त्यात मारले गेले. पुढची पाच शतकं गाणी, प्रार्थना, सगळं त्या दिवसाभोवती गुंफलं गेलं. आता १९१४ पाहा. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड नेमका याच दिवशी बायको सोफीसह बोस्नियातल्या सारायेव्होत येतो. बोस्निया ऑस्ट्रियाने १९०८मध्ये खालसा केलेला, सर्ब राष्ट्रवादी आधीच पेटलेले, त्यात विदोवदानला भावी सम्राटाची मिरवणूक. त्या दोघांना मारणाऱ्या गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या गोळ्यांमागे ही तारीख होती असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण त्या दिवसाने जखमेवर मीठ चोळलं हे नक्की.

त्या जोडप्याची स्वतःची २८ जूनशी एक वेगळीच गाठ होती, आणि ती बाल्कनशी संबंधित नाही. सोफी राजघराण्यातली नव्हती. त्यामुळे लग्नाआधी फ्रान्झ फर्डिनांडला व्हिएन्नाच्या राजवाड्यात सगळ्यांसमोर शपथ घ्यावी लागली, की आपल्या मुलांना गादीवर हक्क राहणार नाही. ती शपथ २८ जून १९००ची. बरोबर १४ वर्षांनी दोघे एकाच मोटारीत मारले गेले.

पुढे चला. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह २८ जून १९१९ला झाला, हत्येला पाच वर्षं झाली त्याच दिवशी. युगोस्लाव्हियाची पहिली राज्यघटना २८ जून १९२१ला आली आणि ती विदोवदान राज्यघटना म्हणूनच ओळखली जाते. स्टालिनच्या गोटाने टिटोच्या युगोस्लाव्हियाला कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून हाकललं तो दिवस २८ जून १९४८. लढाईला ६०० वर्षं झाली म्हणून सर्बियाचा नेता मिलोशेविचने कोसोवोत प्रचंड सभा घेतली ती २८ जून १९८९ला. त्याला हेगच्या न्यायालयाच्या हवाली केलं तेही २८ जूनलाच, २००१ साली.

यात ठरवलेलं काय? राज्यघटना आणि मिलोशेविचची सभा निःसंशय ठरवून. १९००ची शपथ निव्वळ योगायोग. बाकीचं प्रत्येकाने तपासावं.

कालगणक

दर्यावर्दी, तुमच्या तारखेलाही माझी कात्री लागते, माफ करा. लढाई झाली ज्युलियन १५ जून १३८९ला. चौदाव्या शतकात अंतर ८ दिवसांचं होतं, म्हणजे ग्रेगोरियनने २३ जून. सर्बियन चर्च आजही ज्युलियन १५ जूनच पाळतं. विसाव्या-एकविसाव्या शतकात अंतर १३ दिवसांचं, म्हणून तो २८ला येतो. एकोणिसाव्या शतकात २७ला यायचा. ज्युलियन कॅलेंडर असंच चालू राहिलं तर २१००नंतर विदोवदान २९ जूनला सरकेल. म्हणजे २८ जूनची सगळी साखळी या दोन शतकांपुरतीच जुळते.

दर्यावर्दी

माफी कसली, हे हवंच होतं. आणि त्याने माझ्या म्हणण्याला बळच मिळतं. लोकांच्या मनात दिवस होता विदोवदान. आकडा त्याला नंतर चिकटला.

गोकर्ण

ठरवून साधलेल्या दिवसांत व्हर्सायच्या आरसेमहालाची गोष्ट माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. १८ जानेवारी १७०१ला प्रशियाचा पहिला राजा फ्रेडरिक याने क्योनिग्सबर्गमध्ये स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला. १७० वर्षांनी, १८ जानेवारी १८७१ला, फ्रान्सला हरवून त्याच घराण्याने व्हर्सायच्या महालात जर्मन साम्राज्याची घोषणा केली. दिवस मुद्दाम निवडलेला. फ्रेंच हा अपमान विसरले नाहीत. १९१९ची शांतता परिषद पॅरिसमध्ये सुरू झाली १८ जानेवारीला, आणि राष्ट्राध्यक्ष प्वाँकारे यांनी उद्घाटनाच्या भाषणातच ४८ वर्षांपूर्वीच्या या दिवसाची आठवण काढली. तहावर सह्या कुठे? त्याच आरसेमहालात. तारीख आणि जागा, दोन्हींनी सूड उगवला.

आपल्याकडे २६ जानेवारी हे याच जातीचं पण निर्मळ उदाहरण. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ला. ते पूर्णपणे लागू करायला दोन महिने थांबले, कारण १९३०चा पूर्ण स्वराज्य दिन २६ जानेवारीचा होता. १५ ऑगस्टला स्वातंत्र्य मिळून गेल्यावर त्या जुन्या तारखेला अशी नवी जागा मिळाली. आणि १५ ऑगस्ट निवडला माउंटबॅटन यांनी, जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून. दक्षिण कोरियाचा मुक्तिदिनही १५ ऑगस्टचाच. तेव्हा भारत आणि कोरिया यांचा राष्ट्रीय दिवस एक असणं हा योगायोग नाही. दोन्हींचं मूळ १९४५मधल्या जपानच्या सम्राटाच्या त्या एका रेडिओ भाषणात आहे.

निशिगंध

कोरियाचा हा दुवा कधी डोक्यातच आला नव्हता. गोकर्ण, धन्यवाद.

सावली

मला ११ सप्टेंबरबद्दल लिहायचंय. १८९३ साली विवेकानंदांचं शिकागोचं भाषण. १९०६ साली जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये गांधीजींच्या उपस्थितीत सुमारे ३,००० भारतीयांनी अन्यायी कायदा न पाळण्याची शपथ घेतली, तो सत्याग्रहाचा आरंभ. १९७३ साली चिलीत लष्कराने अध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांतून बाँब टाकले, अयेंदे मरण पावले, पिनोशेची हुकूमशाही आली. २००१ साली न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरचे हल्ले.

यांच्यात कुठलाही दुवा नाही. शून्यलब्धींच्या हिशेबाने ही तारीख निरर्थक ठरते. पण चिलीतल्या माणसासाठी २००१पर्यंत ११ सप्टेंबर म्हणजे एकच गोष्ट होती. हुकूमशाहीत तो सुट्टीचा दिवस होता, सान्तियागोत त्या तारखेच्या नावाचा हमरस्ता होता. ते नाव २०१३मध्ये बदललं. आणि मग एका सकाळनंतर उरलेल्या जगाने ती तारीख वेगळ्याच घटनेसाठी घेतली. आता चिलीबाहेर कुणाला स्वतःच्या ११ सप्टेंबरविषयी सांगायचं तर आधी "ते नव्हे, १९७३" असा खुलासा त्यांना करावा लागतो. ज्यांची माणसं त्या दिवसानंतर बेपत्ता झाली, त्यांना आपल्या शोकाची तारीखसुद्धा अशी वाटून घ्यावी लागावी, हे मला फार बोचतं. दुवा नसला तरी परिणाम आहे.

शून्यलब्धी

सावली, मी किमतीबद्दल बोललो ते घटनांच्या कारणांपुरतं. स्मरणाबद्दल तुम्ही म्हणताय ते अगदी खरं.

दर्यावर्दी

सावलीताईंच्या मुद्द्याला जोडून १ जुलै. कॅनडाची स्थापना १ जुलै १८६७. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं, स्वतंत्र वसाहत होती. १ जुलै १९१६ला, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच सकाळी, न्यूफाउंडलंडची पलटण बोमाँ-आमेल गावापाशी खंदकातून बाहेर पडली. सुमारे ८०० जवान. पुढचे खंदक मेलेल्या-जखमींनी भरलेले, म्हणून ते मागच्या खंदकातूनच उघड्या उतारावर निघाले. समोर मशीनगना. अर्ध्या तासात खेळ आटोपला. दुसऱ्या दिवशी हजेरीला उत्तर द्यायला ६८ जण होते. एवढ्याशा बेटावर कुठलं गाव त्यातून सुटलं असेल?

१९४९ साली न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं आणि १ जुलै त्यांचा राष्ट्रीय सणही झाला. तिथे आज सकाळी झेंडा अर्ध्यावर असतो, कोटाला फर्गेट-मी-नॉटची निळी फुलं लावून लोक स्मारकापाशी जमतात. दुपारनंतर झेंडा वर जातो आणि कॅनडा दिनाचे कार्यक्रम सुरू होतात. जर्मनीने ३ ऑक्टोबर शोधून वाट काढली. यांनी तोच दिवस दोन भागांत वाटून घेतला.

वाटसरू

दर्यावर्दी, हे वाचून काही वेळ पुढे काही वाचवेना. जर्मनीशी तुम्ही केलेली तुलना फार नेमकी आहे.

फ्रान्सने तिसरीच तऱ्हा केली, तेवढं इथे नोंदवतो. १४ जुलै १७८९ला पॅरिसमधला बास्तीय हा तुरुंग-किल्ला पडला, रक्त सांडलं. बरोबर वर्षाने, १४ जुलै १७९०ला, राजासकट सगळ्यांनी पॅरिसमध्ये एकोप्याचा उत्सव केला. १८८० साली राष्ट्रीय दिवस ठरवताना काही सदस्यांना रक्तपाताचा दिवस नको होता. कायद्यात सन लिहिलाच नाही, फक्त १४ जुलै. ज्याला जो हवा तो त्याने मनात धरावा.

चौकस

आता याच्या उलट प्रकार: घटना एक, तारखा दोन. पर्ल हार्बरवरचा हल्ला अमेरिकेत ७ डिसेंबर १९४१, जपानमध्ये ८ डिसेंबर. जर्मनीची शरणागती पश्चिम युरोपात ८ मे, रशियात ९ मे, कारण ती लागू झाली तेव्हा मॉस्कोत मध्यरात्र उलटून गेली होती. जागेची वेळसुद्धा लिहायला हवी.

वाटसरू

बरोबर. सगळ्यांच्या प्रतिसादांची यादी करायला घेतलीय. यापुढे तारीख देताना सोबत कॅलेंडर, जागा आणि दुवा (ठरवून / योगायोग / कागदावरचा) एवढं लिहाल तर यादी करणं सोपं जाईल.

कालगणक

मग हे घ्या, तुमच्याच पद्धतीने. ३ सप्टेंबर, ज्युलियन, इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल. १६५०मध्ये डनबरची लढाई जिंकली. १६५१मध्ये वूस्टरची जिंकली. १६५४मध्ये स्वतःच्या राजवटीची पहिली संसद त्याच दिवशी भरवली, रविवार असूनही. हे ठरवून. १६५८मध्ये याच दिवशी वारला. हा योगायोग. पुढे राजेशाही परतल्यावर त्याचं प्रेत उकरून फासावर लटकवलं ते ३० जानेवारी १६६१ला. १६४९ साली याच तारखेला इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता. हेही ठरवून.

शिवाय यादीत एक रकाना रिकामा ठेवा. कॅलेंडर बदललं त्या १७५२ साली ब्रिटनमध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्या वर्षी तिथे ३ सप्टेंबर उजाडलाच नाही.